झाडांची ‘एएमसी’ कोण भरणार?

पावसाळ्यात मावळात जाऊन झाडं लावणं हा आता आपला लाडका वीकेण्ड इव्हेंट झालाय. पण मे महिन्यात त्या झाडांना पाणी कोण घालतं? एक डोंगर, एक एक्सेल शीट आणि आपल्या खिशाची ही गोष्ट.

वीकेण्ड, पाऊस आणि लोणावळा! पुण्या-मुंबईच्या पब्लिकला आणखी काय हवं? भुशी डॅमची गर्दी, टायगर पॉइंटचं धुकं, भाजलेलं कणीस आणि परतताना चिक्कीची पाकिटं. गेल्या काही वर्षांत या मेन्यूत एका नव्या आयटमची भर पडलीय. वृक्षारोपण!

आमच्या ऑफिसनंही केलं. हिंजवडीहून दोन बस निघाल्या. साठ माणसं, साठ हिरवे टी-शर्ट, एक भलामोठा बॅनर. मळवली स्टेशनच्या पलीकडे, लोहगडाच्या बाजूच्या एका गावात गायरानाचा उतार होता. खड्डे गावातल्या लोकांनी आधीच तयार ठेवले होते. आम्ही फक्त पिशवी फाडायची, रोप ठेवायचं, माती लोटायची आणि फोटोसाठी हसायचं. दीड तासात पाचशे रोपं लावून झाली. मग वडापाव, चहा, अंताक्षरी. रात्री मी चिखलाने माखलेल्या हातांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आजचा दिवस सार्थकी लागला’. लाइक्सचा पाऊस पडला!

मी फायनान्सला आहे, त्यामुळे त्या दिवसाचं बजेट माझ्याकडेच होतं. बस, टी-शर्ट, नाश्ता, बॅनर, फोटोग्राफर अशी ती यादी होती. सगळ्यात स्वस्त आयटम कोणता होता, सांगू? रोपं! तेव्हा त्याचं मला काहीच वाटलं नाही. उलट, ‘व्हॅल्यू फॉर मनी’ म्हणून मी खूश होते.

‘तुमची झाडं कंची?’

पुढच्या मे महिन्यात मैत्रिणींबरोबर लोहगडला गेले होते. उतरताना म्हटलं, चला, आपली झाडं बघून येऊ. गेले तर काय, उतार काळा पडलेला. जळकं गवत, मध्ये मध्ये कोरडे खड्डे. एक मामा गुरं घेऊन चालले होते. त्यांना विचारलं, ‘मामा, आमची झाडं इथं होती ना?’

मामा हसले. ‘ताई, हितं दर साली कुणी ना कुणी येऊन लावतंय. त्यातली तुमची कंची, ते कसं सांगू?’

मग त्यांनीच सगळा हिशेब सांगितला. काही रोपं दिवाळीपर्यंत गुरांनी खाल्ली. फेब्रुवारीत वणवा आला, त्यात बरीच गेली. उरलेली पाण्यावाचून वाळली. ‘खड्डे मातुर तेच हायेत. जून आला की साफ करून ठेवतो. पुढली बस येती.’

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. ज्या खड्ड्यात मी रोप लावून फोटो काढला, त्याच खड्ड्यात माझ्याआधी कुणी तरी तसाच फोटो काढला असणार.

पाऊस धो धो, तरी तहान

लोणावळ्यात आणि झाड पाण्यावाचून मरतं? विश्वास बसत नाही ना? इथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगराच्या उतारावर मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाणी मुरण्याआधीच वाहून जातं. पुढचे आठ महिने कोरडे. जुन्या झाडाची मुळं कातळाच्या भेगांतून खोल गेलेली असतात, त्याला काही फरक पडत नाही. पण जुलैत लावलेल्या वीतभर रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे बाहेरून पाणी लागतं.

दुसरा शत्रू म्हणजे गवत. पावसाने ते कमरेइतकं वाढतं, डिसेंबरात वाळतं आणि मग एक ठिणगी पुरते. यावर उपाय आहे जाळरेषा. गवत वाळलं की लावणीच्या भोवतीचा पट्टा साफ करून ठेवायचा, म्हणजे वणवा तिथंच अडतो. शिवाय गुरांपासून राखण, रोपाभोवती आळं करणं, पालापाचोळ्याचं आच्छादन देणं आणि मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्या पावसात नवी लावणं. याला शेतकरी ‘नांगी भरणं’ म्हणतात. यातल्या एकाही कामाचा फोटो छान येत नाही!

घरी येऊन मी एक्सेल उघडलं. समजा, एका रोपाला आठवड्याला फक्त १० लिटर पाणी. पाचशे रोपांना ५ हजार लिटर, म्हणजे एक छोटा टँकर. डिसेंबर ते मे असे २६ आठवडे धरले तर वर्षाला २६ टँकर. तीन उन्हाळ्यांचे ७८! वर एका राखणदाराचा पगार. माझ्या बजेटमध्ये यातलं काय होतं? शून्य.

आपण घरात एसी घेतो, तेव्हा पहिला प्रश्न काय विचारतो? ‘एएमसी कितीला?’ वॉटर प्युरिफायरची एएमसी, लिफ्टची एएमसी. मशिन घेतलं की दरवर्षीचा मेंटेनन्स आलाच, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. मग झाडाच्या बाबतीतच आपली बुद्धी कुठं जाते?

हा डोंगर आपला कसा?

ऑफिसात हे सांगितलं तेव्हा एक कलीग म्हणाला, ‘जाऊ दे ना यार, मावळातला डोंगर, त्यांचं ते बघून घेतील.’ तो वाकडला राहतो. मी विचारलं, ‘तुझ्या नळाला पाणी कुठून येतं?’

पिंपरी-चिंचवडला पाणी मिळतं पवना धरणातून. धरण मावळात. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतला उचलतात, मग ते आपल्या टाकीत येतं. देहू-आळंदीची इंद्रायणी उगम पावते लोणावळ्याजवळ, कुरवंड्याला. डोंगर उघडा पडला की पावसाबरोबर माती धरणात येते आणि झरे लवकर आटतात. म्हणजे नकाशावर हा ग्रामीण भाग असला, तरी आपल्या शहराचं जंगल हेच.

आणि पाण्याचं हे नातं किती नाजूक आहे, ते मावळ विसरलेला नाही. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून थेट शहरात नेण्याच्या योजनेला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ पोलीस गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्यामुळे इथल्या माणसाला ‘झाडं तुमची, डोंगर तुमचा, पाणी आमचं’ असं सांगायला जायचं असेल, तर बसमधून न उतरलेलंच बरं.

पैसा आहे, कॅलेंडर चुकलंय

मग मी शोधायला लागले, की झाडं जगवण्यासाठी पैसा येतो कुठून. आणि चाटच पडले. पैसा भरपूर आहे!

विकासकामांसाठी वनजमीन घेणाऱ्यांकडून भरपाई वसूल होते, तिचा निधी म्हणजे ‘कॅम्पा’. त्यासाठी २०१६ मध्ये कायदा झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने या निधीतले ४७ हजार ४३६ कोटी रुपये राज्यांना दिले, त्यातले ३ हजार ८४४ कोटी महाराष्ट्राच्या वाट्याला आले. ५ जून २०२० ला केंद्राने ‘नगर वन’ योजना जाहीर केली, तीही याच पैशांतून, हेक्टरी ४ लाख रुपये देणारी. त्या वेळी देशापुढे मॉडेल म्हणून ठेवलं गेलं ते आपलं पुण्याचं वारजे! चाळीसेक एकरांचा उघडा डोंगर वनखातं, स्वयंसेवी संस्था आणि नागरिकांनी मिळून हिरवा केला.

शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे. घरपट्टीचं बिल कधी नीट वाचलंय? त्यात वृक्षकराची ओळ असते. म्हणजे झाडांची एएमसी आपण थोडीफार भरतोच, फक्त त्या ओळीचा हिशेब विचारत नाही. याच कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची आणि ती सात वर्षं सांभाळायची. सात वर्षं! कायद्यालासुद्धा कळलंय, की झाड एका जुलैत मोठं होत नाही.

पण आकड्यांचं वेड काही सुटत नाही. राज्यात १ जुलै २०१६ ला दोन कोटी झाडांचं लक्ष्य होतं. ते २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटींवर गेलं. नंतर ‘जगली किती?’ यावर विधिमंडळात वादावादी झाली आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी समिती नेमली गेली. सरकार कुणाचंही असो, लावलेल्या झाडांची बातमी होते, जगवलेल्या झाडांची होत नाही.

आणि आपल्या कंपन्या? कायद्याने मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सीएसआरवर खर्चावी लागते. पैसा वर्षाच्या वर्षाला संपवायची घाई असते, म्हणून जुलैतला इव्हेंट सोयीचा. ‘चालू प्रकल्प’ म्हणून काम पुढे नेता येतं, पण सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. एकूण चार. मग वाटलं, एकदाच मोठी रक्कम बँकेत ठेवू आणि व्याजावर झाडं सांभाळू. तर तेही नाही! एखाद्या संस्थेच्या अशा कायम निधीत, म्हणजे ‘कॉर्पस’मध्ये टाकलेला पैसा २०२१ पासून सीएसआर खर्चात धरला जात नाही. नियमामागे कारण असेल. पण झाडाला त्याचं काय? पाचव्या वर्षी वणवा यायचा तो येतोच.

वाघजाईचा फंडा

मग ज्यांनी शेकडो वर्षं जंगल सांभाळलं, त्यांचा फंडा काय होता? उत्तर मावळातच आहे. देवराई!

सह्याद्रीतल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला, आणि गावोगावच्या या छोट्या जंगलांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं. देवराईचा मालक देव. त्यामुळे फांदीसुद्धा तोडायची नाही. एका वाक्याची पॉलिसी, आणि ती मोडायची हिंमत कुणाची नव्हती.

पण नुसत्या श्रद्धेवर सगळं चालतं असं नाही. कामशेतहून पवनानगरच्या पुढे गेलं की अजिवली गाव लागतं. तिथली वाघजाईची देवराई भेरली माडासाठी प्रसिद्ध आहे. सुरमाडही म्हणतात त्याला. माशाच्या शेपटीसारखी पानं, झुंबरासारखे लोंबणारे तुरे. त्या तुऱ्यांतून माडी मिळते. या माडांपासून मिळणारं उत्पन्न गावाच्या कामी आल्याची नोंद अभ्यासकांनी केलीय. म्हणजे झाड न तोडता झाडापासून कमाई!

यातली खरी अक्कल पुढे आहे. भेरली माड आयुष्यात एकदाच फुलायला लागतो. वरून खाली अशी काही वर्षं तुरे देतो आणि मरतो. सगळेच तुरे माडीसाठी कापले, तर बी धरत नाही आणि पुढची पिढी संपते. काही तुरे राखले, तरच पन्नास वर्षांनीही माड असतील. आपण फायनान्सवाले काय म्हणतो? मुद्दल राखा, व्याज खा. वाघजाईच्या राईत हेच, फक्त एक्सेलशिवाय.

दुकानांच्या भाड्यावर बागा

देव मालक नसेल, तिथं काय करायचं? इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स नावाचं शहर आहे. १९६७ मध्ये आखलेलं, आपल्या हिंजवडीसारखंच कोऱ्या कागदावरून उभं राहिलेलं. तिथली उद्यानं आणि वनराई सांभाळायला १९९२ मध्ये ‘पार्क्स ट्रस्ट’ काढला. त्याला नुसत्या शुभेच्छा दिल्या नाहीत. जमीन ९९९ वर्षांच्या लीजवर दिली आणि सोबत सुमारे दोन कोटी पौंडांची मालमत्ता, मुख्यतः भाड्याने जाणारी व्यापारी जागा. त्या मिळकतीवर तिथली झाडं सांभाळली जातात. सत्ता बदलली, बजेट कापलं, तरी माळ्याचा पगार अडत नाही.

आता डोळ्यांसमोर आणा, हिंजवडी किंवा तळेगावात नवा पार्क आखताना दोन मजल्यांचं भाडं कायमचं मावळातल्या डोंगरासाठी बाजूला काढलंय. स्वप्नरंजन? असेल. पण पार्किंगचा हिशेब आपण आराखड्यात आधीच मांडतो, मग झाडांचा का नाही?

पाचव्या वर्षाचं काय?

पुढच्या वर्षी पुन्हा मेल आला. ‘प्लँटेशन ड्राइव्ह, टार्गेट १०००!’ या वेळी मी मीटिंगमध्ये शीट उघडलं आणि म्हटलं, ‘१२० रोपं लावू. टी-शर्ट नको, फोटोग्राफर नको. उरलेल्या पैशात गावातलाच एक राखणदार ठेवू, चार वर्षांसाठी.’

साहेब म्हणाले, ‘१२० म्हणजे फारच कमी वाटतं गं. रिपोर्टमध्ये कसं दिसेल?’

मी म्हटलं, ‘सर, रिपोर्टमध्ये ‘लावली’ऐवजी ‘जगली’ असा कॉलम करू या.’

खूप घासाघीस झाली. शेवटी सीएसआर टीममधल्या एका ताईंनी बाजू घेतली म्हणून जमलं. मग गावात गेलो, या वेळी बस न नेता, पाच जणं. ग्रामसभेने त्या दोन तुकड्यांपुरती चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा ठराव केला. झाडं कुठली लावायची, हेही गावानंच ठरवलं. गेल्या वेळी आम्ही नर्सरीत जे स्वस्त मिळालं ते आणलं होतं, गुलमोहरसुद्धा! या वेळी जांभूळ, हिरडा, ऐन, आपटा. राखणदार कोण? तेच मामा. १२० रोपांना आठवड्याला १,२०० लिटर लागतं, त्याला टँकरही लागत नाही. पिकअपमध्ये टाकी ठेवली की झालं.

सध्या तिसरं वर्ष चालू आहे. या मे महिन्यात मोजली, १२० पैकी ९३ उभी आहेत. पावसाआधी २७ ठिकाणी नांगी भरायची आहे. वणवा यंदाही आला होता, पण जाळरेषेशी येऊन थांबला. मामांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. कुणाला काही न सांगता एकटीच हसत बसले.

पण चार वर्षांनंतर? तेव्हा टाकी लागणार नाही, मुळं खाली गेलेली असतील. तरी दरवर्षी जाळरेषा आणि उन्हाळ्यातली राखण लागेलच. त्यासाठी आम्ही चाळीस जणांनी झाडांची एसआयपी सुरू केली. महिना २०० रुपये, गावातल्या नोंदणीकृत संस्थेच्या ठेवीत. सीएसआरचा पैसा कॉर्पसमध्ये चालत नाही, आपल्या खिशातला चालतो! चार वर्षांत ३ लाख ८४ हजार. सात टक्के व्याज धरलं, तर वर्षाला साधारण २७ हजार. जाळरेषेची मजुरी आणि नांगी भरणं त्यात बसावं, असा माझा हिशेब होता.

होता, कारण चाळीसचे आता एकतीस झालेत. लोक नोकरी बदलतात, बंगळूरला जातात, ऑटो-डेबिट बंद करतात. कुणाला दोष देणार? मीही उद्या जाईन कदाचित. डोंगर मात्र कुठं जात नाही, आणि त्याला आपलं नोटीस पीरियड कळत नाही. म्हणून सध्या ऑफिसात कुणी नवीन जॉइन झालं, की कॉफी मशिनपाशी मी त्याला गाठते. पिक्चरचं तिकीट २०० ला येत नाही, असं सांगते आणि फॉर्म पुढे करते. नऊ जणं कमी आहेत. येताय?

झाड लावायला जाण्याआधी हे विचारा

• जागा कुणाची? वनखातं, ग्रामपंचायत की खासगी? लेखी परवानगी किंवा ठराव आहे का?

• गेल्या वर्षी इथं किती लावली होती आणि आज किती जिवंत आहेत? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी जागा बघा.

• तीन उन्हाळ्यांचं पाणी कुठून येणार? कोण घालणार? त्याला महिन्याला किती मिळणार?

• जाळरेषेचा खर्च बजेटमध्ये आहे का?

• झाडं त्या मातीतली आहेत का? गावातल्या आजीला विचारा, नर्सरीवाल्याला नंतर.

• चार वर्षांनी सीएसआर संपल्यावर पैसा कुठून येणार?

• आणि जायचंच असेल तर जुलैत जाऊ नका. मे महिन्यात जा, पाण्याची टाकी घेऊन. लोणावळ्यात तेव्हा ट्रॅफिकही जरा कमी असतं!